पटक्याची नाव

पाण्याचा रंग बदलला की मला घरात बसवत नाही. आषाढ-श्रावणात कृष्णा गढूळ, लाल, अंगावर येणारी असते. तेव्हा मी माहुलीकडे फिरकतसुद्धा नाही. पण भाद्रपदात एखाद्या सकाळी दारावरची भाजीवाली सांगते, "बाई, पाणी निवळाय लागलं," आणि मी पायात चपला सरकवते. साताऱ्यातून रिक्षा करून मी संगमावर जाते आणि दगडी पायरीवर रुमाल टाकून बसते. पलीकडे कुणाचे तरी विधी चाललेले असतात, कावळे ताटकळत असतात, गुरुजी मोबाइलवर पुढच्या यजमानाशी बोलत असतात. मी पाण्याकडे बघते. हेच पाणी कराडवरून जाणार, पुढं वाळव्याच्या अंगानं वळणं घेत माझ्या माहेरच्या घाटाला लागणार. पाण्याला एसटी लागत नाही, त्याचे गुडघे दुखत नाहीत, आणि मुख्य म्हणजे त्याला कुणाला तोंड दाखवायची लाज वाटत नाही.

मला वाटते. गेल्या वर्षीच्या गणपतीपासून वाटते, आणि ती सगळी एका माणसापुरती आहे. माझ्या चुलतीपुरती. तिला आम्ही नानी म्हणतो. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ ते नाना, म्हणून त्यांची बायको नानी. याच्यापलीकडे कुणी काही विचारलं नाही. नानांकडे गावची नाव होती. तेव्हा नदीवर पूल नव्हता. शाळा पलीकडे, बाजार पलीकडे, एसटीचा थांबा पलीकडे, आणि आम्ही सगळे अलीकडे. त्यामुळे गावात पाटलांच्या खालोखाल कुणाला रामराम व्हायचा तर तो नानांना. आमचं घर कोळ्याचं. त्याचा डौल असा काही नव्हता, पण सकाळी सगळं गाव आमच्या दारावरून घाट उतरायचं आणि संध्याकाळी आमच्याच दारावरून वर यायचं, हे मला लहानपणी फार मोठं वाटायचं.

त्या नावेचा वास अजून माझ्या नाकात आहे. डांबर, ओलं गोणपाट, शेळ्यांच्या लेंड्या, दुधाच्या किटल्या आणि बायकांच्या पाटीतली कोथिंबीर, सगळं एकत्र. नावेच्या तळाला कायम बोटभर पाणी असायचं. चपला हातात घ्यायच्या आणि त्या पाण्यात पाय टाकून बसायचं. ते पाणी डब्यानं उपसायचं काम माझं. डालड्याचा डबा होता, त्याच्यावरचं नारळाचं झाड घासून घासून निम्मं उरलेलं. मी उपसायची, आणि ते परत भरायचं. मला वाटायचं, मी थांबले तर नाव बुडेल. इतकं महत्त्व पुढं आयुष्यात कुठल्याच कामाला आलं नाही, मुख्याध्यापिका झाले तरी.

तर तो हंगाम. पाऊस उघडला होता, पण नदीला अजून दोन्ही काठ भरून पाणी होतं. गणपती बसायच्या आधी नानांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, अन्नावरची वासना उडालेली, नुसते सोप्यात पडून. वैद्यानं उठायचं नाही म्हणून सांगितलं. माझे वडील तेव्हा मुंबईला गिरणीत होते, नानींची मुलं माझ्याहून लहान. गाव मात्र थांबणार नव्हतं. शाळा होती, बाजार होता, दूध जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नानीनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला, पदर खोचला आणि वल्ही खांद्यावर घेऊन ती घाट उतरली. मी डबा घेऊन मागोमाग.

घाटावर माणसं जमली होती, पण नावेत कुणी बसेना. नानीला नाव चालवता येते की नाही हा प्रश्नच नव्हता. नाना बाजारला गेले, पाहुण्याला गेले, तर अडीनडीला तीच नाव काढायची, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ती अडीनडी होती, आणि ही उघड-उघड सकाळची वेळ. एक म्हातारा सगळ्यांच्या वतीनं म्हणाला की बाईच्या हातची नाव नदीला चालत नाही. वल्ही नावेत ठेवून नानी नुसती उभी राहिली. मीच घाट चढून घरी पळाले आणि नानांना सांगितलं.

नानांनी ऐकून घेतलं. मग खुंटीवरच्या पटक्याकडे बोट केलं. "त्यो नावंच्या तोंडावर नीऊन ठिव," ते म्हणाले, "आन म्हणावं, नाना बसलाय."

नानांचा पटका गुलाबी होता. धुऊन धुऊन चिंचेच्या फुलासारखा फिका पडलेला, पण बांधायची ढब अशी, की नुसता ठेवला तरी त्याच्याखाली डोकं असल्यासारखा वाटायचा. मी तो नावेच्या तोंडाशी, फळीवर ठेवला आणि निरोप सांगितला. म्हाताऱ्यानं पटक्याकडे बघितलं, रामराम घातला आणि धोतर आवरून नावेत पाय टाकला. त्याच्यामागं सगळे चढले.

तेव्हापासून तो हंगामभर आमच्या नदीवर पटका नाव चालवत होता. मी थट्टा करत नाही, लोक असंच बोलायचे. पलीकडच्या काठावरून हाक यायची ती नानांच्या नावानं. वाऱ्याला जोर असला की कुणीतरी पटक्याला म्हणायचं, नाना, जरा दमानं. बाजारच्या बायका त्याची चेष्टा करायच्या, भावजी आज लय गप हायसा, घरात भांडान झालं काय, आणि नानी पदर तोंडाला लावून हसत वल्हं मारायची. ती मध्ये उभी, घामानं चोळी भिजलेली, पायाची बोटं फळीला रुतलेली. आणि सगळ्यांची तोंडं पटक्याकडं. ती तरी काय वेगळं करायची? नाव लावली की आधी पटका उचलून कोरड्या जागी ठेवायची, मग स्वतः पाणी प्यायची.

गावात तिला नावाडीण म्हणायचे. पण ते आधीपासूनच. आपल्या भाषेची ही एक गंमत आहे, मी शाळेत शिकवायची तेव्हा मुलांना हसत हसत सांगायची: पाटलाची पाटलीण, नावाड्याची नावाडीण. शब्द तिच्यासाठी तयारच होता, पण त्याचा अर्थ नाव चालवणारी असा नव्हताच, नाव चालवणाऱ्याची बायको असा होता. त्यामुळे त्या हंगामात ती खरोखरची नावाडीण झाली तरी कुणाला नवीन शब्द शोधावा लागला नाही. मला हसू यायचं त्या उदाहरणाचं. आता येत नाही.

हस्ताचा पाऊस लागला तेव्हाची गोष्ट. दुपारनंतर ढग भरून यायचे, वारं सुटायचं, अर्धा तास झोडपून मोकळं. त्या दिवशी शाळा सुटली, आम्ही पोरं, बाजारच्या दोन बायका, दूधवाला आणि तोच म्हातारा त्याच्या शेळीसकट, असे नावेत होतो. मध्यावर आलो आणि वाऱ्याचा एक झपाटा आला. पटका फळीवरून उडाला आणि पाण्यात पडला. पडला तो उलगडत गेला. एवढंसं डोकं दिसायचं त्याचं, पण पाण्यावर तो लांबच्या लांब पसरला आणि खाली वाहत निघाला.

म्हातारा ओरडला, "नाना गेला."

पटका गेला नव्हे, नाना गेला. बायका रडायच्या बेतात. दूधवाला म्हणाला, नाव माघारी घ्या. आमच्या खालच्या अंगाला खडक होते. उन्हाळ्यात म्हशी त्यावर बसायच्या, आणि भरल्या पाण्यात ते दिसायचे नाहीत, नुसतं वरचं पाणी उकळल्यासारखं दिसायचं. पटका तिकडंच चालला होता. कुणाही शहाण्या माणसानं नाव काठाला लावली असती. नानीनं क्षणभर बघितलं आणि नावेचं तोंड खाली वळवलं, पटक्याच्या मागं.

आम्ही सगळे तळाला बसलो. शेळीसुद्धा बसली. मी डबा हातात धरून नुसती बघत होते, तर नानी म्हणाली, "कुंदे, पाणी काढ. वर बघू नगंस." म्हणून मी वर बघितलं नाही. मी फक्त तिचे पाय बघितले. ते हलत नव्हते. नाव एकदा कशाला तरी घासली, खालून मोठा आवाज आला, आणि मग गरकन फिरली. मी परत मान वर केली तेव्हा वल्ह्याच्या पात्याला गुंडाळलेला पटका ती आत ओढत होती. माघारी यायला फार वेळ लागला. काठाकाठानं, करंजाच्या फांद्या धरून धरून तिनं नाव वर आणली. घाटाला लावली, पटका पिळला आणि ओलाच परत फळीवर ठेवला. उद्या लोकांनी बसायला पाहिजे होतं ना.

त्या दिवशी आमच्या घरी भात झाला. एरवी भात म्हणजे सणाला. आम्ही पोरं इतकी खूश, की पातेलं खरवडून खाल्लं. का केला भात, हे विचारायची अक्कल मला नव्हती. नानीच्या तळहातांची सालं गेली होती, तिला भाकरी थापता येत नव्हती, हे मला किती तरी वर्षांनी, स्वतः परातीसमोर बसलेली असताना एकदम कळलं. हातात पीठ तसंच राहिलं. नवरा म्हणाला, काय झालं, तर मी म्हटलं, काही नाही, आणि भाकरी थापली.

गावात मात्र गोष्ट झाली. नदीनं नानाचा पटका परत दिला. कृष्णामाईला नाना इतका प्यारा, की त्याचा पटकासुद्धा तिनं ठेवून घेतला नाही. म्हातारा ती गोष्ट जत्रेत सांगायचा, दूधवाला गिऱ्हाइकांना सांगायचा. दिवाळीच्या सुमाराला नाना बरे झाले, तोच पटका बांधून परत नावेवर उभे राहिले, आणि मग तेही सांगायला लागले. नाना वाईट नव्हते हो. लबाड म्हणावं असंही काही नव्हतं त्यांच्यात. गोष्ट रंगायची, माणसं हसायची, आणि त्यांना माणसं हसलेली आवडायची. ते सांगत असताना नानी चहाच्या कपबश्या घेऊन येई आणि तीही ऐकत उभी राही, जणू पहिल्यांदाच ऐकते आहे.

आता माझं सांगते. मी त्या नावेत होते. पाय बघितले होते. तरी माझ्या मुलीला, सायलीला, मी ही गोष्ट सांगितली ती गावाचीच. तेव्हा मी वाईला शिकवत होते. सायली जेवायची नाही, घास तोंडात धरून बसायची. मग पटक्याची गोष्ट. एका नदीवर एक जादूचा पटका होता, तो एकटाच नाव चालवायचा. ती विचारायची, मग पटका काय म्हणाला? मग मी पटक्याला आवाज दिला, जाडा, नानांसारखा. घास खाली उतरायचा. पटक्याला बोलता यायला लागल्यावर नानीला त्या नावेत जागाच उरली नाही. मी तिला मुद्दाम उतरवलं नाही. गोष्टीत ती आडवी यायला लागली, एवढंच. आणि वर्गात? आरमाराचा धडा मी वर्षानुवर्षं घसा फोडून शिकवला. गलबतं, तांडेल, तोफा, किनाऱ्यावरचे किल्ले. शिडं कुणी शिवली, दोर कुणी वळले, दर्यावर गेलेला परत येईना तेव्हा त्याची होडी कुणी पाण्यात लोटली, हा प्रश्न एकाही मुलानं विचारला नाही, आणि विचारला असता तर मी त्याला खाली बसवलं असतं, कारण तो परीक्षेला येत नव्हता.

सायली दर्यावर गेली. मालवाहू जहाजावर आधी शिकाऊ, मग थर्ड ऑफिसर. आमच्या डोंगराकडच्या घरात समुद्र कुणी बघितला होता तो सहलीत. पण पोरीनं हट्ट केला आणि निभावला. गेल्या वर्षी ती सुट्टीवर आली आणि नानींच्या नातवाचा, विकासचा, फोन आला. गणपती मंडळाचा तो अध्यक्ष. "आत्या, सायलीचा सत्कार घ्यायचाय. फ्लेक्सवर काय टाकू सांगा, तुमचं मराठी चांगलं हाय." चांगलं मराठी असलेल्या माणसानं दोन मिनिटं विचार करावा की नाही? मी भाजी ढवळत होते. एका दमात सांगितलं: कृष्णाकाठची पहिली नाविक कन्या, आपल्या गावची भाची. विकास खूश झाला. मीही खूश झाले. शब्द कसे पटकन सुचतात मला.

गावात गेलो तर पुलाच्या तोंडाशीच तो फ्लेक्स, दोन विजेच्या खांबांना बांधलेला. सायलीचा पांढऱ्या गणवेशातला फोटो, मागं जहाज, कडेनं मंडळाच्या सगळ्या पोरांचे गॉगल लावलेले फोटो. आणि फ्लेक्सच्या खाली, दगडावर, काठी मांडीवर आडवी घेऊन नानी बसलेली. आमची वाट बघत. ऐंशी कधीच ओलांडलेली, कानानं कमी झालेली, पण पाठ तशीच ताठ. सायलीच्या गालावरून तिनं हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मग सायलीला विचारलं, तू नाव चालवतीस म्हंजी कुटं उभी ऱ्हातीस? सायली म्हणाली, ब्रिजवर; जहाज चालवायच्या वरच्या खोलीला तेच नाव. नानी मागच्या पुलाकडं बघायला लागली. पूल झाला आणि नाव गेली, आन ही पुलावरनं नाव चालवती व्हय, म्हणून ती इतकी हसली, की सायलीही हसत सुटली.

मग नानीनं काठी फ्लेक्सकडे केली आणि मला म्हणाली, "काय लिवलंय गं? वाच की."

मी वर बघितलं. पहिली. माझाच शब्द, हातभर उंचीचा, लाल रंगात, पिवळी किनार लावलेला. आणि त्याच्याखाली ती बसलेली. मी वाचलं, "कृष्णाकाठची नाविक कन्या, आपल्या गावची भाची." नानीनं मान डोलावली. म्हणाली, झ्याक लिवलंय. मला वाटलं, निभावलं.

संध्याकाळी मंडपात सायलीला फेटा बांधला. हल्ली मुलींनाही बांधतात, छान दिसतो. विकासनं तो मुद्दाम गुलाबी आणला होता, नानांच्या आठवणीसाठी. नानी पहिल्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत. सायलीनं माइक घेतला आणि सांगितलं की मी समुद्रावर गेले ती एका गोष्टीमुळे, माझी आई मला भरवताना एका पटक्याची गोष्ट सांगायची. आणि तिनं ती सांगितली. सगळी. पटक्याच्या आवाजासकट. माझाच आवाज तिच्या तोंडून येत होता. माणसं खदखदून हसली, जुनी माणसं डोळे पुसायला लागली, नदीनं पटका परत दिला तिथं टाळ्यांचा कडकडाट झाला. नानीनंही टाळ्या वाजवल्या. त्या हातांनी.

मग विकास म्हणाला, आत्या, दोन शब्द. मी उठले. मनाशी म्हटलं, आता सांग. जन्मभर बोलून पोट भरलंस, आता एकदा तोंड उघड. समोर माणसं अजून हसत होती, सायली फेट्यात उभी होती, गोष्ट सगळ्यांच्या तोंडात गोड होती. आणि मी म्हणाले, "नाना आजारी असताना आमच्या नानींनीसुद्धा त्यांना मदत केली होती, बरं का."

मदत. परत टाळ्या पडल्या, जरा कमी. मी खाली बसले. घरी जाताना नानीचा हात धरून मी तिला म्हटलं की मला नीट बोलता आलं नाही. नानी म्हणाली, "ब्येस बोललीस. आन पटकाच चालवत हुता गं. मी निस्ती हात मारत हुते." हे ती समजूत घालायला म्हणाली, की टोमणा मारला, की तिला खरंच तसं वाटतं, हे मला अजून कळलेलं नाही. तिन्हींपैकी कुठलंही असलं तरी माझी सुटका नाही.

सायली परत गेल्यावर मी तिला फोनवर खरं सांगितलं. नाव कुणी चालवली, भात का झाला, सगळं. मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "आई, बंदरात शिरताना वाट दाखवायला तिथला पायलट जहाजावर चढतो ना, तो आला की माझ्या शेजारी सुकाणूवर उभ्या असलेल्या माणसाला गुड मॉर्निंग म्हणतो. पहाऱ्यावरची अधिकारी मी असते, आणि तो त्याच्याशी बोलतो. तो बिचारा ओशाळून माझ्याकडे बघतो. तोच माझा पटका बघ." असं म्हणून ती हसली. आणि मग तिनं विचारलं, "नानी नानी काय, तिचं नाव काय गं?"

राजांच्या हत्तींची नावं मला पाठ आहेत. जिच्या नावेत पाणी उपसत मी लहानाची मोठी झाले, तिचं नाव मला माहीत नव्हतं. सायलीला म्हटलं, विचारून सांगते. विकासला एक फोन केला असता तर रेशनकार्ड बघून त्यानं सांगितलं असतं. पण मला ते तसं नको होतं, आणि समोर जाऊन विचारायची छाती होत नव्हती. असं करत वर्ष गेलं. गौरी-गणपती परत आले नि गेले, पाणी निवळलं, मी माहुलीच्या पायरीवर बसून राहिले. मागच्या आठवड्यात भाजीवाली म्हणाली, "बाई, रोज पाणी बगाय जाताय, कुनी येनार हाय का?" मी रिक्षावाल्याला म्हटलं, माहुली नको, स्टँडवर घे.

एसटीनं कराड गाठेपर्यंत ऊन होतं, पुढं शाळू पेरायच्या रानांवर ढग उतरले. नानी परसात करंजाखाली बसली होती. मागं तिची जळणाची रास, आणि राशीवर पावसाचं म्हणून तोच फ्लेक्स टाकलेला, कडेला दगड ठेवून. सायलीचं तोंड आत, पांढरी बाजू वर. मी तिच्याजवळ जमिनीवरच बसले. तिनं गुडघ्यांची चौकशी केली, मी तिच्या कानांची केली. मग इकडचं तिकडचं संपलं. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "नानी, तुझं नाव काय गं?"

"नाव?" ती म्हणाली. "ती गेली की कवाच. पूल झाल्यावर लय दीस पालथी पडली हुती घाटावर. मग तुझ्या नानांनी फोडून गुऱ्हाळाला दिली. डांबर प्यालेली, चुलाणात धडाडून पेटली."

मी मान हलवली, तिच्या छातीकडे बोट केलं. "ती नाव न्हवं, नानी. तुझं. आईबानं ठेवलेलं."

ती ओशाळली. कुणी ऐकत नाही ना, म्हणून दाराकडं बघून घेतलं. "हौसा," ती म्हणाली. आणि लगेच, "कशाला गं?"

मी फोन काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि सायलीला व्हिडिओ कॉल लावला. कुठल्या तरी बंदरात होती ती, डोक्यावर हेल्मेट, मागं लोखंडी जिने. मी म्हटलं, हौसाआजी बोलणार आहे. ती हेल्मेट काढून नीट उभी राहिली. नानीनं फोन दोन्ही हातांत धरला, आधी कोपऱ्यातल्या चौकटीत स्वतःचं तोंड बघून पदर सारखा केला. मग तिनं विचारलं.

"सायले, पटका हाय का गं तुज्याजवळ?"

तो गुलाबी फेटा साताऱ्याला कपाटात पडलेला आहे. सायली म्हणाली, "नाही आजी."

"आन तरी बसत्यात लोकं तुज्या नावंत?"

सायलीनं माझ्याकडे बघितलं. पायलटची गोष्ट तिला आणि मलाच माहीत. "बसतात, आजी," ती म्हणाली.

नानी फोनकडं बघत राहिली, तिकडचं चित्र थांबलं तरी बघत राहिली. मग फोन माझ्या हातात दिला आणि पाठीमागच्या जळणाकडं, त्या पांढऱ्या फ्लेक्सकडं मान वळवली.

"मग पयलीच की गं ती," नानी म्हणाली. "शाळंच्या पोरींनी मला त्या दिशी सकाळीच वाचून दावलं हुतं. तू उगंच गाळलंस."